उपहासाचे बोट कोणाकडे?

गेल्या दहा वर्षांत आपल्या घरांत एक नवा नाट्यप्रकार शिरला आहे. त्याला रंगमंच लागत नाही, पडदा लागत नाही आणि तिकीटही लागत नाही. तीन-चार मिनिटांची एक चित्रफीत मोबाइलवर येऊन पडते. कोणी पुढाऱ्याची नक्कल करतो, कोणी परिचित गाण्याच्या चालीवर रस्त्यातील खड्ड्यांचे वर्णन गातो, कोणी आपल्याच आईच्या बोलण्याची गंमत करतो. घरातील सारे हसतात, ती फीत आणखी चार जणांना पाठवतात आणि जेवायला बसतात. करमणूक म्हणून हे ठीकच आहे. पण यांतील बऱ्याच फितींचा दावा करमणुकीपेक्षा मोठा असतो. समाजाचे डोळे उघडावेत, कारभार सुधारावा, माणसे बदलावीत, असा हेतू त्यांच्यामागे असतो आणि तो खोटा नसतो. हा हेतू कितपत साधतो, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो येथे थोडक्यात करावयाचा आहे. निमित्त मात्र घरचेच आहे; त्याची हकीकत शेवटी येईल.

आमचे वास्तव्य मुकुंदवाडीचे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबादला हे नाव अधिकृतपणे २०२३ साली मिळाले) या शहराच्या पूर्व अंगास, जालना रस्ता आणि रेल्वेचे रूळ यांच्या आधाराने वाढलेली ही वस्ती. जुलै २०१९ मध्ये मुकुंदवाडीचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आले. कारण अभिमानाचे नव्हते. पावसाने ओढ दिली होती आणि येथील लहान मुले शाळा सुटल्यावर भांडी घेऊन रेल्वेत बसत, शहराच्या मुख्य स्थानकावर पाणी भरत आणि परतीच्या गाडीने घरी येत. जाऊन-येऊन सुमारे चौदा किलोमीटरचा हा प्रवास रॉयटर्सच्या बातमीने जगापुढे आणला. ज्या शहराला मलिक अंबराने सतराव्या शतकात भूमिगत नहरींनी पाणी दिले आणि ज्याच्यापासून पन्नासएक किलोमीटरवर १०२ टीएमसी क्षमतेचा नाथसागर पसरलेला आहे, त्या शहरातील ही मुले होती. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च आणि तिची मुदत दोन्ही वाढत गेली.

अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने उपहासाच्या चित्रफितीचे परीक्षण कोणत्या कसोटीवर करावे? हसू किती आले, ही कसोटी आम्हांस अपुरी वाटते. हसून झाल्यावर घागरीत काय पडले, ही आमची कसोटी आहे.

या कसोटीला बायबलमध्ये एक फार जुना आधार आहे. दावीद राजाने उरियाची पत्नी घेतली आणि उरियाला रणात मारविले. तेव्हा नाथान संदेष्टा राजाकडे गेला. त्याने आरोप केला नाही, गोष्ट सांगितली. एका श्रीमंताजवळ पुष्कळ गुरेमेंढरे होती. शेजारच्या गरिबाजवळ लेकीसारखी वाढवलेली एकच मेंढी होती. घरी पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपल्या कळपाला हात न लावता त्या गरिबाची मेंढी कापली. दावीद संतापला, त्या माणसाला मरणदंडच योग्य असे म्हणाला. मग नाथानाने तो माणूस कोण ते त्याला सांगितले. येथे गोष्टीचे सारे सामर्थ्य क्रमात आहे. आधी ऐकणाऱ्याचा न्याय जागा होतो, तो स्वतःच्या तोंडाने निकाल देतो, आणि त्यानंतर त्याला कळते की आरोपीच्या पिंजऱ्यात आपणच उभे आहोत. उत्तम उपहास हे काम करतो. निकृष्ट उपहास पहिल्या पायरीवरच थांबतो: आपण संतापतो, निकाल देतो आणि आरोपी मात्र नेहमी दुसराच असतो.

मराठीला ही दुसरी पायरी नवी नाही. नाथसागराला ज्यांचे नाव मिळाले ते पैठणचे संत एकनाथ (१५३३–१५९९) यांची भारुडे आठवावीत. भारुड सांगणारा कधी विंचू चावलेला माणूस होतो, कधी जोगवा मागणारी बाई, कधी सासरच्या जाचाला कंटाळून देवीला नवस बोलणारी सून. श्रोते त्या सोंगाला हसतात. हसता हसता त्यांच्या ध्यानात येते की विंचू हा आपल्याच कामक्रोधाचा आहे आणि सासरची छळणारी माणसे म्हणजे आपल्याच मनाचे विकार आहेत. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघे एकमेकांच्या धर्माचारातील विसंगती सडेतोडपणे दाखवितात आणि अखेरीस एकमेकांना आलिंगन देतात. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या कवीने महाराच्या मुखानेही भारुडे रचली आणि त्या मुखातून उच्चवर्णीयांना ज्ञान सांगविले. सोंग घेणारा स्वतः हास्याच्या कक्षेत उभा राही, म्हणून त्याचे बोलणे श्रोत्याला टोचले तरी परके वाटत नसे.

पुढे सत्यशोधकांचे जलसे आले, मग आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी गावोगाव जे प्रयोग केले, त्यांत भटशाहीवर आणि सावकारीवर कोरडे होतेच. पण दारू सोडा, मुलांना शाळेत घाला, मेलेले ढोर ओढू नका, असे आपल्या माणसांना सुनावणेही तितकेच होते. उपहासाला दोन्ही बाजूंनी धार होती. आपल्या ख्रिस्ती वाङ्मयात याचे सर्वांत लोभस उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४–३६) सापडते. सोवळ्याओवळ्याच्या वेडावर एवढे प्रसन्न आणि एवढे घातक हसू मराठीत क्वचितच आढळेल, कारण ज्या वेडाला त्या हसतात त्याच्या पहिल्या बळी त्या स्वतः होत्या. त्या लोकांकडे बोट दाखवत नाहीत. आपलाच हात पुढे करून त्यावरचा डाग दाखवितात.

ही परंपरा नजरेसमोर ठेवून आजच्या चित्रफितींकडे पाहू. पहिले उदाहरण मुंबईचे. जुलै २०१७ मध्ये रेड एफएम या नभोवाणी केंद्रावरील निवेदिका मलिष्का मेंडोंसा यांनी, त्या वेळी घरोघरी गाजत असलेल्या ‘सोनू’ या मराठी गाण्याच्या चालीवर मुंबई महापालिकेच्या कारभाराचे विडंबन केले. खड्डे, तुंबणारे पाणी, रखडणारी रेल्वे हे त्याचे विषय. विडंबन म्हणून ते सोपे होते आणि त्याच्या यशाचे कारणही तेच होते; शाळकरी पोरालाही ते एकदा ऐकून म्हणता येत असे. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ने (१९२५) सिद्ध केलेलेच हे तत्त्व आहे: मूळ चाल श्रोत्याच्या कानात आधीच असेल, तर नवा आशय फुकट आत जातो. सत्ताधारी पक्षाच्या काही नगरसेवकांनी ५०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी निवेदिकेच्या घराची तपासणी केली आणि तेथे डासांच्या अळ्या सापडल्याचे सांगून तिच्या आईच्या नावे नोटीस काढली.

ही नोटीस सूडबुद्धीची होती, असे बहुतेकांना वाटले, आम्हांसही वाटते. पण या प्रसंगात एक गंमत दडलेली आहे. शहराच्या साचलेल्या पाण्यावर हसणाऱ्या गाण्याला उत्तर म्हणून कारभाऱ्यांनी गाणाऱ्याच्या घरातील साचलेले पाणी शोधून काढले. जे कवीने स्वतः आधीच गाण्यात घालायला हवे होते, ते प्रतिपक्षाने नोटिशीत घातले. एका कडव्यात गाणारीने आपल्याही घरातील साचलेल्या पाण्याची थट्टा केली असती, तर त्या नोटिशीचे हसे झाले असते आणि गाण्याचे बळ दुप्पट झाले असते. स्वतःला वगळणारा उपहास शत्रूच्या हाती आयता दगड देतो. २०१८ च्या पावसाळ्यात खड्ड्यांवर त्यांचे दुसरे गाणे आले, यातच पहिल्याच्या परिणामाची मर्यादा दिसून येते.

दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि मूळच्या कॅनडाच्या पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ साली ‘भारतीय डिजिटल पार्टी’ सुरू केली. ‘भाडिपा’ या लघुनावानेच ती ओळखली जाते. नाव राजकीय पक्षाचे, काम मात्र घरातील मतभेदांचे. रेणुका दफ्तरदार यांनी उभी केलेली आई आणि आलोक राजवाडे यांचा मुलगा ही जोडी मराठी कुटुंबांत चांगलीच ओळखीची झाली. येथे उपहास दिवाणखान्यात बसून होतो. आईचे टोमणे, मुलाचे आळसावलेले स्वातंत्र्य, लग्नाचा विषय निघताच बदलणारे सूर, यांत कोणी खलनायक नाही. आई पाहते ती मुलाला हसते, मुलगा पाहतो तो आईला हसतो आणि मग दोघे एकमेकांकडे पाहतात. जे विषय आपल्याकडे घरात बोललेच जात नाहीत, त्यांना बोलण्याची वाट करून देणे ही लहान गोष्ट नव्हे. नाथानाची दुसरी पायरी येथे हळूच का होईना चढली जाते.

उणीव आहे ती परिघाची. हे घर पुण्यामुंबईच्या सदनिकेतील आहे. तेथील नळाला पाणी येते. ज्या घरात मुलगा आठवड्यातून एक दिवस पाण्यासाठी कामावर खाडा करतो, त्या घरातील आई-मुलाचे भांडण निराळे असते आणि त्यातील विनोदही निराळा असतो. तो विनोद अद्याप या दिवाणखान्यात आलेला नाही. हा दोष केवळ निर्मात्यांचा नव्हे. आमच्याकडील विनोद आम्हीच लिहिला पाहिजे.

तिसरे उदाहरण आमच्या शहराशी जोडलेले आहे. मार्च २०२३ च्या अखेरीस छत्रपती संभाजीनगरचा तरुण रॅपगायक राज मुंगासे याने सत्तांतरावर बोचरे गाणे चित्रित करून प्रसारित केले. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर गाजलेल्या ‘पन्नास खोके’ या घोषणेचा त्याला आधार होता. गाण्यात कोणाचे नाव नव्हते, तरीही अंबरनाथ येथे त्याच्यावर गुन्हा नोंदविला गेला. नाव न घेताच कोणाला तरी आपली ओळख पटली, हे उपहासकाराचे यशच म्हणावे लागेल. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे या दुसऱ्या रॅपगायकावरही गुन्हा दाखल झाला. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या हिंदी विडंबनगीतानंतर, जेथे ते चित्रित झाले त्या मुंबईतील खार येथील सभागृहाची मोडतोड करण्यात आली. मत पटो वा न पटो, गाण्याला उत्तर गाण्यानेच द्यावे. पोलिसांची फिर्याद आणि खुर्च्यांची मोडतोड ही समीक्षेची साधने नव्हेत, हे आम्ही स्पष्टपणे नोंदवितो.

मुंगासेच्या धैर्याला मान देऊनही साहित्यदृष्ट्या एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या बोलीत आमच्या मराठवाड्याचा रांगडा ठेका आहे आणि तो कानाला आपला वाटतो. परंतु घोषणेच्या पायावर उभे राहिलेले गाणे घोषणेइतकेच जगते. ज्यांना आधीच पटलेले असते ते टाळ्या देतात, ज्यांना पटलेले नसते ते फिर्याद देतात आणि मध्ये उभ्या असलेल्या माणसाला स्वतःविषयी काहीच विचारले जात नाही. खोके घेणाऱ्याची नक्कल आपण ऐकली. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट घेणाऱ्याची नक्कल कोण करणार? ती केली तर फिर्याद येणार नाही. शेजारी मात्र बोलणे टाकील. आणि शेजाऱ्याचा अबोला पोलिसांच्या नोटिशीपेक्षा जड जातो.

याच प्रश्नाशी आपल्यासारख्याच एका कॅथॉलिक समाजातील अभिनेत्रीने झुंज घेतलेली आहे. फिलिपाइन्समध्ये २००८ च्या सुमारास मे पानेर या रंगकर्मी स्त्रीने ‘हुआना चेंज’ नावाचे पात्र निर्माण केले आणि छोट्या उपहासात्मक चित्रफितींतून भ्रष्टाचार, निवडणुका, सत्तेची मगरुरी यांवर कोरडे ओढले. तेथे सामान्य नागरिकाला ‘हुआन दे ला क्रूस’ म्हणतात. हुआना ही त्याची स्त्री-प्रतिमा. नाव भरभर उच्चारले की इंग्रजीत ‘मला बदल हवा आहे’ असा ध्वनी निघतो. श्लेष साधा आहे, पण त्यात एक मर्म आहे. पात्राचे नाव पुढाऱ्याचे नसून नागरिकाचे आहे. बदल मागणारीही हुआनाच आणि जिच्यात बदल व्हावा तीही हुआनाच. १९८६ मध्ये नभोवाणीवरून कार्डिनल सिन यांनी घातलेल्या सादेला ओ देऊन रस्त्यावर आलेल्या आणि हुकूमशहाला घालवून दिलेल्या त्या समाजाला, राज्यकर्ते बदलले म्हणजे समाज बदलत नाही, हे पुढील वर्षांत कळून चुकले होते.

याच अभिनेत्रीने २०१७ मध्ये, अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत झालेल्या हत्यांवर ‘ताओ पो’ हा एकपात्री प्रयोग उभा केला. ‘ताओ पो’ हे तिकडे दाराशी आलेल्या माणसाने आत घालण्याच्या हाकेचे शब्द आहेत. शब्दशः अर्थ, ‘माणूस आहे हो.’ यात हसू कमी आणि शोक अधिक होता. मोबाइलवरील हसण्यापासून दारावरच्या या हाकेपर्यंतचा प्रवास आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. उपहास दार उघडतो, हे खरे. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला घरात घेणे हे काम त्याच्यानंतर उरतेच.

आता आरंभी म्हटलेली घरची हकीकत. आमच्या गल्लीतील काही तरुणांनी मागील उन्हाळ्यात पाच मिनिटांची एक चित्रफीत केली. आमची दोन मुलेही त्यांत होती. कथा अशी: एक प्रतिष्ठित गृहस्थ गेटपाशी उभे राहून पाण्यासाठी महापालिकेच्या नावाने शंख करीत आहेत. तावातावाने बोलता बोलता ते मध्येच घराकडे वळून हळूच म्हणतात, “अगं, मोटार चालू केलीस का?” नळाच्या तोटीला थेट जोडलेली मोटार घरघरू लागते. पुढच्या दृश्यात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशीचा नळ. त्यातून पाण्याऐवजी हवा सुटते आणि मावशी त्या नळाकडे अशा काही नजरेने पाहते की हसू आवरत नाही. गृहस्थांचे भाषण मागे चालूच आहे. विषय आता ‘समान पाणीवाटप’ हा आहे.

आम्ही मनसोक्त हसलो. शेजाऱ्यांनाही ती फीत पाठविली. अभिनय कच्चा होता, चित्रण थरथरते होते, पण वेळेचे भान पक्के होते. मोटारीची घरघर भाषणातील नेमक्या शब्दावर सुरू होत होती. दुसऱ्यांदा पाहताना मोटारीवरील निळ्या रंगाच्या कापडाकडे लक्ष गेले. पावसापासून जपण्यासाठी ते कापड आमच्याच हाताने बांधलेले होते. मुलांनी दुसऱ्या कोणाची मोटार आणली नव्हती.

त्या क्षणी जे वाटले ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. प्रथम राग आला. घरचे उणे चव्हाट्यावर मांडले म्हणून मुलांना बोल लावले. रविवारी मिस्सानंतर काही मंडळींनी, “आपल्याच माणसांची बदनामी कशाला? टीका करायची तर कारभाऱ्यांवर करा,” असे सुनावले, तेव्हा आम्ही माना डोलावल्या. फीत काढून टाकावी, असेही सुचविले. त्यावर थोरल्याने शांतपणे एवढेच विचारले, “बाबा, तुम्ही हसलात तेव्हा कोणाला हसत होता?” दावीदाला नाथानाने जेथे आणून उभे केले, तेथे आम्ही आमच्याच ओट्यावर उभे होतो. निकाल आम्हीच दिलेला होता आणि तोही हसत हसत.

फीत राहिली. आमची मोटार निघाली. गल्लीतील आणखी दोन घरांनी काढली. इतरांच्या अजून चालू आहेत आणि त्यांची कारणेही सर्वस्वी खोटी नाहीत. ज्या घरात आजारी माणूस आहे, ज्याचा नळ चढावर आहे, त्याला उपदेश करणे सोपे नसते. पाणी वाढले नाही. नाथसागरातून एक थेंबही जास्त आला नाही. वाटणी मात्र किंचित बदलली. टोकाच्या मावशीकडे पूर्वी दोन हंडे भरत, आता चार भरतात. महापालिकेची जबाबदारी यामुळे तसूभरही कमी होत नाही; उलट, तिच्या दारात उभे राहून बोलताना आमचा आवाज आता थोडा अधिक सरळ निघतो.

१४ जून २०२४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जगभरातील शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावून घेतले होते. प्रेमाच्या माणसांशी आपण थट्टा करतो तशी देवाशीही करता येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. थट्टा आणि प्रेम यांचे नाते त्यांनी जोडले, हे महत्त्वाचे. ज्याच्यावर प्रेम नाही त्याच्या उपहासाने फार तर सूड साधतो. एकनाथ श्रोत्यांवर प्रेम करीत, लक्ष्मीबाई आपल्या माणसांवर प्रेम करीत; म्हणून त्यांचे हसू माणसाला मोडत नाही, वळविते.

तेव्हा आपल्या धर्मग्रामातील तरुण असे काही करू लागले, तर वडीलधाऱ्यांनी त्यांना दटावू नये. कॅमेरा थरथरेल, संवाद फसतील, क्वचित तोलही जाईल, ते शिकतील. आपण त्यांच्याकडे एवढाच आग्रह धरावा की सत्ताधाऱ्यांकडे बोट जरूर दाखवा, पण चित्रण करताना एकदा तरी कॅमेरा आपल्या अंगणाकडे फिरवा. आणि ती फीत आपल्या मोबाइलवर आली, तर पुढे पाठविण्यापूर्वी दुसऱ्यांदा पाहावी. पहिल्यांदा पाहताना आम्हांस ते निळे कापड दिसले नव्हते.